तरता दर

कागदावर फ्लोटिंग लिहिलं होतं.
त्याचा अर्थ मी विचारला नाही.
पेनातून शाई नीट उतरत नव्हती, तेवढं आठवतं.
नऊ लाख, सात टक्के, एकशे ऐंशी महिने,
हप्ता आठ हजार एकोणनव्वद.
मी तेव्हा त्रेचाळीसची. अठ्ठावन्नला रिटायर.
बोटांवर मोजलं:
शेवटचा हप्ता आणि निरोपाचा नारळ एकाच महिन्यात.
बरं वाटलं.

उपकेंद्रात तारखा माझं ऐकतात.
दीड महिना, अडीच महिना, साडेतीन,
नववा सरला की गोवराची सुई.
कार्डावर पुढची तारीख मीच लिहिते
आणि ती येते.
बाळाला ताप असला तर आठवडा पुढे, एवढंच.

वर्षानं तालुक्याच्या शाखेत पासबुक छापायला गेले.
महापात्र साहेब म्हणाले,
"मारबते सिस्टर, हप्ता तोच आहे, काळजी करू नका."
मी केली नाही. मशीन टरटरत राहिलं.
घरी येऊन चष्मा लावला.
व्याजात सहा हजार आठशे शेहेचाळीस.
मुद्दलात किती, ते प्रांजूनं वजा करून सांगितलं:
बाराशे त्रेचाळीस. आणि पुन्हा वजा करून पाहिलं.
खाली बारीक अक्षरात उरलेले महिने
दोनशे अडतीस.
हवे होते एकशे अडुसष्ट.

हप्ता हलला नव्हता.
घर जागेवर होतं, स्लॅबला अजून सिमेंटचा वास.
फक्त मी
चौसष्टला टेकले होते.

सुकराम ओसरीत जाळ्याला नवे तरंड बांधत होता.
"तरंड का कोनाचं आयकते?" म्हणाला,
"पानी चढलं का चढते."
मग थोड्या वेळानं, दातात धागा धरून,
"पर आपल्या मामा तलावाचं तुडूम आपल्याले दिसते न.
पारीवर उभं राहून शिव्या तरी देता येते."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेबांनी खुर्ची दिली.
मुंबईत सहा जण बसतात, दर दोन महिन्यांनी.
ते रेपो ठरवतात.
रेपो चार होता, साडेसहा झाला.
त्यावर तीन आमचे.
तुमचे तीन चढत-उतरत नाहीत का, मी विचारलं.
नाही, ते पक्के.
मला जाळ्याच्या खालच्या कडेचं शिसं आठवलं.
सहा जणांपैकी कुणी
आमच्याकडचं पाणी पाहिलंय का, तेही विचारणार होते,
मागे पेन्शनच्या बायांची रांग होती.

"महिने नको असतील तर पैसे द्या,
नऊ हजार तीनशे सव्वीस करा."
बाराशे सदतीस जास्त.
मुद्दलात जात होते जवळजवळ तेवढेच,
सहा रुपये कमी.
सत्तर महिने की बाराशे सदतीस.
हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता,
माझ्या वतीनं महिने देऊन टाकले होते.
मी सही केली. या वेळी पेन माझं.

सुकरामचा नवा डोंगा राहिला.
जुन्याला डांबर फासून तो पहाटे जातो,
आल्यावर हातपाय काळे.
बोलला नाही काही. एकदा फक्त
"बुडला त बुडला" म्हणाला, हसत.

काल मासळीबाजारात त्यानं ऐकलं,
दर पाव टक्क्यानं उतरला.
मी फोन केला. साहेब म्हणाले,
तुमची तारीख तीन महिन्यांनी, तेव्हा बघू.
चढताना थांबला होता का इतका?
हो, तेव्हाही तारीखच होती.
असेल. मला आठवत नाही.

आज बुधवार, लसीकरण.
एक पोरगी पहिलटकरीण, बाळ मांडीवर,
सुईनंतर ते रडून थकलेलं.
"सिस्टर, आता पुढं कवा?"
मी कार्ड घेतलं.
तारीख लिहिली, खाली रेघ ओढली,
आणि ती रेघ
जरा जास्तच दाबून ओढली गेली.